टक् करून उडणारा भुंगेरा काजव्याचा भाऊबंद कसा?

वडोदऱ्यातल्या रावपुऱ्याच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: पहिला पाऊस झाला की जिन्यातल्या ट्यूबलाइटखाली लांबट, तपकिरी भुंगेरे येतात आणि उताणे पडले की ‘टक्’ असा आवाज करून वर उडतात. नातवाने शाळेच्या प्रकल्पासाठी वाचलं की हा काजव्याचा नातेवाईक. ते खरं का, आणि खरं असेल तर हा चमकत का नाही? शिवाय त्यांच्या लहानपणी विश्वामित्री नदीच्या काठी काजवे दिसत, आता दिसत नाहीत. जांबुघोड्याच्या जंगलातून दहा-वीस काजवे आणून घरच्या बागेत सोडले तर टिकतील का?

ताई, नातवाचं म्हणणं बरोबर आहे. भुंगेऱ्यांमध्ये इलॅटेरॉइडिया नावाचं एक महाकुल आहे. टक् करणारे भुंगेरे, काजवे, लाल जाळीदार पंखांचे भुंगेरे, मऊ पंखांचे सोल्जर बीटल आणि काही लहानसहान कुलं अशी सगळी मंडळी त्यात येतात. टक् करणाऱ्यांच्या, म्हणजे इलॅटेरिडी कुलाच्या, जगभरात सुमारे १०,००० जाती नोंदलेल्या आहेत. काजव्यांच्या लॅम्पिरिडी कुलाच्या २,२०० हून थोड्या अधिक. म्हणजे ज्याच्यामुळे हा गट लोकांना ठाऊक आहे, तो काजवा संख्येने यातला लहान वाटेकरी. बाकीचे बहुतेक जण जन्मभर दिवा न लावता राहतात, आणि जवळजवळ सगळ्यांचं आयुष्य मुख्यतः अळीच्या रूपात, मातीत, पालापाचोळ्यात किंवा कुजक्या लाकडात जातं. तुमच्या बागेच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे, म्हणून मी वारंवार अळीकडे वळेन.

आधी तुमच्या जिन्यातला पाहुणा. तो सापडला की नातवाला स्टीलच्या ताटलीत उताणा ठेवून बघायला सांगा, भिंग असेल तर उत्तम. हा चावत नाही, डंख मारत नाही. छातीच्या पुढच्या भागाला खालून मागे वळलेला एक टोकदार खुंट दिसेल. त्याच्या समोरच, छातीच्या मधल्या भागावर, एक खोबण असते. या दोन भागांमधला सांधा इतर भुंगेऱ्यांत घट्ट असतो, याच्यात तो बिजागरीचा आहे. उताणा पडल्यावर तो डोकं आणि ढुंगण टेकवून पाठीची कमान करतो. तेव्हा खुंटाचं टोक खोबणीच्या काठावर अडकतं. आतले स्नायू आवळत जातात, पण खुंट अडलेला असल्याने ताण नुसता साठत राहतो, आणि टोक काठावरून सटकलं की सगळा ताण एका क्षणात सुटतो. आपण चुटकी वाजवतो तेव्हा बोटांचं जे होतं तेच. अंग हवेत उसळतं त्या क्षणी त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या तीनशेहून अधिक पट असतं, आणि उडी चांगली साधली तर फूटभर उंच जाते. कुठे पडायचं हे मात्र त्याच्या हातात नसतं. हवेत कोलांट्या घेतो, कधी पायांवर पडतो, कधी पुन्हा पाठीवर, मग परत टक्.

पाय आखूड म्हणून सरळ होण्यासाठी ही युक्ती, असं बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं. मला ते अर्धंच पटतं. भुंगेरा चिमटीत धरा, तो लगेच टक् टक् करू लागतो आणि तो झटका बोटांना चांगलाच जाणवतो. पालीच्या किंवा पाखराच्या तोंडातून सुटायला तेवढा धक्का पुरे. तशाच लांबट बांध्याचे काही सोनेरी-हिरवे भुंगेरेही असतात. त्यांच्यात आणि याच्यात गल्लत होऊ नये म्हणून आणखी एक खूण सांगतो: मानेवरच्या ढालीचे मागचे दोन्ही कोपरे काट्यासारखे मागे निघालेले असले तर तो टक् करणारा.

जात मी फोटो पाहिल्याशिवाय सांगणार नाही. पण दिव्याला येणारा मोठा, धुळकट तपकिरी असेल तर तो बहुधा अग्रिप्नस प्रजातीतला. त्याच्या अंगावर खवल्यांसारखे बारीक चपटे केस असतात, त्यामुळे तो माती माखल्यासारखा दिसतो. हात लावला की मेल्याचं सोंग घेतो आणि मिशा छातीखालच्या खाचांत बसवून टाकतो. या खाचा भिंगातून सुरेख दिसतात. लहान, काळपट असेल तर दोन्ही पंखांच्या मुळाशी जो इवलासा त्रिकोण असतो तो बघा. तो पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा असला तर कार्डिओफोरस आणि त्याचे सगेसोयरे.

यांची अळी शेतकऱ्यांना वायरवर्म म्हणून माहीत असते: पिवळसर तपकिरी, गुळगुळीत, कडक, बोटांत धरली तर वाकायला नाखूष. युरोपातल्या अ‍ॅग्रिओटिससारख्या काही जाती बटाट्यात सरळ, अरुंद भोकं पाडतात आणि कोषात जाण्याआधी तीन-चार वर्षं मातीत काढतात. तुमच्या बागेतल्या बटाट्यात किंवा रताळ्यात असं भोक दिसलं तर कापून बघा. नागमोडी बोगदा आणि आत घाण भरलेली असेल तर ते पाकोळीच्या अळीचं काम, स्वच्छ सरळ भोक असेल तर वायरवर्मचा संशय घ्या. खात्री करायला अर्धा कापलेला बटाटा काडी खोचून चार बोटं मातीत पुरा आणि काही दिवसांनी उपटा. असेल तर चिकटून वर येईल. पण दिसली अळी की टाक औषध, असं कृपया करू नका. या कुलातल्या कितीतरी अळ्या शिकारी आहेत, मातीतल्या आणि कुजक्या ओंडक्यातल्या दुसऱ्या अळ्या खाऊन जगतात.

आता तो चमकत का नाही. खरं तर टक् करणाऱ्यांतलेही काही चमकतात. अमेरिका खंडातल्या उष्ण भागात पायरोफोरस आणि त्याच्या जवळच्या प्रजाती आहेत. त्यांच्या मानेच्या ढालीवर, दोन्ही कोपऱ्यांजवळ, एकेक हिरवट दिवा असतो, तो लुकलुकत नाही, सलग जळतो, आणि उडताना पोटाखालचा तिसरा दिवाही उघडा पडतो. आशियात चीनच्या युनान प्रांतातून २०१९ साली सायनोपायरोफोरस नावाचा एक चमकणारा भुंगेरा वर्णन झाला. तो टक् करणाऱ्यांसारखा दिसतो, पण त्याला स्वतंत्र कुल द्यावं लागलं.

मग प्रश्न पडतो की काजवे आणि टक् करणारे या दोघांच्या सामाईक पूर्वजाकडे दिवा होता आणि बहुतेकांनी तो गमावला, की दोघांनी तो वेगवेगळा कमावला? २०१८ साली अमेरिकी काजवा फोटिनस पायरालिस, जपानी काजवा अक्वॅटिका लॅटेरालिस आणि चमकणारा टक्-भुंगेरा इग्नेलेटर या तिघांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकसंच, एकत्र अभ्यासले गेले. त्यातून दोघांनी तो वेगवेगळा कमावला असं दिसलं. म्हणजे तुमच्या जिन्यातल्याने दिवा गमावला नाही, त्याच्या शाखेने तो कमावलाच नाही. इंधन मात्र दोघांचं एकच, ल्युसिफेरिन. ते जाळणारं ल्युसिफेरेज हे विकर मुळात मेदाम्लांवर काम करणाऱ्या विकरांच्या घरातलं आहे, आणि काजव्यांनी व टक् करणाऱ्यांनी ते स्वतंत्रपणे या कामाला जुंपलं. ल्युसिफेरिन, ऑक्सिजन, पेशीला ऊर्जा पुरवणारं एटीपी आणि मॅग्नेशियम एकत्र आले की प्रकाश पडतो, उष्णता जवळपास नाही. जुन्या पुस्तकांत या क्रियेची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या घरात लिहिलेली सापडते. २००८ साली जपानी संशोधकांनी नव्याने मोजली तेव्हा ती सुमारे ४१ टक्के भरली. नातवाच्या प्रकल्पात हा दुसरा आकडा जाऊ द्या. हे असलं तरी प्रकाश देणाऱ्या रासायनिक क्रियांत ती फार वरच्या पंक्तीतली आहे.

काजवा हातात आला तर अलगद उलटा करून बघा. टक्-भुंगेऱ्याचं कडक कवच इथे नाही, पंख मऊ, आणि डोकं मानेच्या ढालीखाली झाकलेलं. पोटाच्या टोकाशी फिकट पिवळट-पांढरे पट्टे दिसतील, तेच दिवे. आपल्या भागात सापडणाऱ्या अ‍ॅब्सकोंडिटासारख्या काजव्यांत नराला असे दोन पट्टे असतात, मादीला एकच. उडत उडत लुकलुकणारा बहुतेक वेळा नर, आणि गवतावर बसून त्याला उत्तर देणारी मादी. प्रत्येक जातीची लय वेगळी, रंगात थोडा फरक, उत्तराला लागणारा वेळही ठरलेला. त्यावरूनच मादी आपल्या जातीचा नर ओळखते. काही काजवे दिवसा वावरतात, वाढल्यावर चमकत नाहीत आणि वासावर जोडीदार शोधतात. पण त्यांच्याही अळ्या चमकतात. लॅम्पिरिडी कुलात ज्या ज्या जातीची अळी माहीत आहे ती प्रत्येक अळी प्रकाश देते. अळीला जोडीदार नको असतो. तिचा दिवा भक्षकाला सांगतो की मी कडू आहे, लांब राहा. म्हणजे दिवा आधी अळीकडे इशारा म्हणून आला आणि प्रणयासाठी नंतर वापरला गेला, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

या महाकुलातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट दिव्याची नाही, माद्यांची आहे. पुष्कळ जातींत मादी पूर्ण भुंगेरा होतच नाही. प्रजननाला तयार होते, पण शरीर अळीचंच राहतं: पंख नाहीत किंवा नुसते खुंट, पाय आखूड. दक्षिण भारतातल्या आणि श्रीलंकेतल्या लॅम्प्रिजेरा टेनेब्रोसाची मादी अशीच, जाड, बिनपंखी, जमिनीवर सरपटणारी आणि मोठा स्थिर प्रकाश देणारी. तिची अळी गोगलगाय खाते. श्रीलंकेत आफ्रिकन गोगलगायीचा शत्रू म्हणून तिचा मुद्दाम अभ्यास झाला. काजव्यांच्या शेजारच्या ऱ्हॅगोफ्थॅल्मिडी कुलातली मादी तर आणखी पुढची. जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवरच्या जातीत ती शेपटीकडचा दिवा लावून नराला बोलावते, आणि अंडी घातल्यावर त्यांच्याभोवती वेटोळं करून अंगावरच्या प्रत्येक वलयातले बारीक ठिपके पेटवते. एकाच मादीकडे दोन कामांसाठी दोन वेगळे दिवे.

आग्नेय आशियातल्या जंगलांत चपटी, काट्याकाट्यांच्या कडांची, बोटाएवढी ‘ट्रायलोबाइट अळी’ सापडते. ती कधी मोठी होऊन भुंगेरा झालेली कोणी पाहिली नव्हती. स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञ एरिक म्योबर्ग यांनी १९२५ मध्ये कोडं सोडवलं: हीच पूर्ण वाढलेली मादी, आणि तिचा नर जेमतेम काही मिलिमीटरचा, पंखवाला. दोघांना शेजारी ठेवलं तर एका जातीचे आहेत हे पटणार नाही. हा प्राणी काजव्यांतला नव्हे, जाळीदार पंखांच्या लायसिडी कुलातला आहे.

यामुळे वर्गीकरणाचीही मोठी उलथापालथ झाली. मऊ अंग, अळीसारखी मादी, गोगलगायी खाणारी पिल्लं, हे सगळं बघून जुन्या अभ्यासकांनी ड्रिलिडी नावाचं वेगळं कुल केलं होतं आणि ते काजव्यांच्या जवळ ठेवलं होतं. डीएनए वाचता येऊ लागला तेव्हा, २०११ मध्ये, कळलं की ते टक् करणाऱ्यांच्याच कुलातले आहेत. पुढे २०१८ मध्ये ओमॅलिसिडी या अशाच मऊ अंगाच्या दुसऱ्या कुलाचीही रवानगी तिकडेच झाली. म्हणजे टक् करणाऱ्यांच्या कुलात टक् न करणारे, खुंट-खोबण हरवलेले, मऊ पडलेले भुंगेरेही आहेत. हे मऊ पडणं या महाकुलात एकदा घडलेलं नाही, वेगवेगळ्या शाखांत पुन्हा पुन्हा घडलं आहे. त्यामुळे नुसत्या बाह्यरूपावरून नातं ठरवायची सवय आम्हा कीटकशास्त्रज्ञांना सोडावी लागली.

लायसिडी तुम्हालाही दिसू शकतात. पावसाळ्यात पावागडच्या पायथ्याशी किंवा रतनमहालच्या बाजूला झुडपांच्या पानांवर भर दिवसा उघड्यावर बसलेले विटकरी-लाल आणि काळे, पंखांवर उभ्या-आडव्या उंचवट्यांची जाळी असलेले सुस्त भुंगेरे म्हणजे तेच. ते पळत नाहीत, कारण चवीला वाईट आहेत आणि पाखरांना ते ठाऊक असतं. त्यांची हुबेहूब नक्कल करणारे पतंग आणि लांब मिशांचे भुंगेरेही असतात. त्यामुळे लाल-काळा दिसला की मिशा आणि जाळी नीट तपासा. सोल्जर बीटल आपल्या मैदानी भागात त्या मानाने कमी, थंड डोंगराळ प्रदेशात जास्त. ते काजव्यासारखेच मऊ असतात, पण डोकं उघडं आणि दिवा नाही.

आता विश्वामित्री आणि तुमची बाग. जांबुघोड्याहून काजवे आणू नका. पहिलं कारण सरळ कायद्याचं. ते अभयारण्य आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथून परवानगीशिवाय कोणताही जीव उचलता येत नाही, किडासुद्धा. पण कायदा नसता तरी माझं उत्तर तेच राहिलं असतं. तुम्ही आणाल ते प्रौढ काजवे, त्यांच्या हातात दोन-तीन आठवडे. हाती लागतात ते बहुतेक नर, कारण उडताना तेच दिसतात. समजा मादीही आली आणि तिने अंडी घातली, तरी अळीला पुढचे कित्येक महिने ओलसर, न उकरलेली, औषध न पडलेली जमीन आणि खायला गोगलगायी, गांडुळं लागतात. ती जमीन बागेत असेल तर आसपासचे काजवे कधीतरी स्वतः येतील. नसेल तर आणलेले मरतील. आणि जिथून आणले तिथल्या माद्यांना तेवढे नर कमी पडतील.

नदीकाठी काय बदललं हे याच हिशोबाने बघा. पंख असलेल्या जाती एका ठिकाणाहून उठल्या तर दुसरीकडून परत येऊ शकतात. बिनपंखी मादीची जात एकदा काठावरून गेली की परत येणं फार कठीण, कारण मादी आयुष्यभर जेवढी सरपटेल तेवढाच तिचा प्रसार. मधे एक रस्ता किंवा काँक्रीटची भिंत आली की तो तुटतो. काठ यंत्राने सपाट केला, गवत जाळलं, पाचोळा झाडून नेला, हुमणीसाठी दाणेदार औषध मातीत टाकलं, यांपैकी प्रत्येक गोष्ट अळीवर पडते, आणि त्या वेळी काजवा दिसतच नसल्याने कोणाच्या लक्षात येत नाही. वरून पुलांचे आणि रस्त्यांचे दिवे. प्रखर उजेडात नराला मादीचं मंद उत्तर दिसत नाही आणि मीलन हुकतं. पिढी अशीच आटत जाते.

म्हणून बागेत करायचं ते साधं आहे. भिंतीकडचा एक कोपरा झाडू नका, पाचोळा ओला राहू द्या. गोगलगायींवर मीठ किंवा गोळ्या टाकू नका, फार झाल्या तर हाताने उचला. जून-जुलैत बागेतला दिवा रात्री बंद ठेवा, निदान झाकण घालून उजेड खाली वळवा. वाड्यातल्या चार घरांनी मिळून केलं तर एका घरापेक्षा कितीतरी जास्त उपयोग, कारण अळीला सलग जमीन लागते.

मे-जूनमध्ये भंडारदरा-पुरुषवाडीकडे काजवे बघायला जाणारे आपले बरेच वडोदरेकर आहेत, त्यांनाही हेच सांगणं. हिरडा, बेहडा, सादड्यावर जे झगमगतं ते डोळ्यांसमोर असतं. माद्या मात्र कित्येकदा तुमच्या पायाखालच्या गवतात असतात. पायवाट सोडू नका, गाडीचे हेडलाइट आणि मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा.

नातवाला एक काम द्यायचं असेल तर हे द्या. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाऊस उघडलेल्या रात्री, टॉर्च बंद करून, डोळे अंधाराला सरावू देऊन, गवताच्या बुडाशी बघायचं, सोबत मोठं माणूस हवंच. नदीकाठी मात्र नको, तिथे मगरी आहेत. कमी उजेडाची एखादी शेताची किंवा शाळेच्या मागची जागा चालेल. हवेत लुकलुकणारा प्रकाश म्हणजे प्रौढ. जमिनीलगत मंद, काही सेकंद टिकून विझणारा म्हणजे बहुतेक अळी. हात न लावता तारीख, वेळ, जागा, जवळ कुठला दिवा होता का, जमीन ओली की कोरडी, आणि प्रकाश लुकलुकत होता की स्थिर, एवढं वहीत लिहायचं. अळी सापडली तर दुसऱ्या दिवशी उजेडात त्याच जागी रिकामे शंख पडलेत का तेही बघायचं, आणि असतील तर मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढायचा. दोन-तीन पावसाळे एकाच जागेच्या अशा नोंदी झाल्या की मला पाठवा. जात ओळखायला मी मदत करेन.